नोंद नाही म्हणजे माणूस नव्हता काय?

'हजर' हा शब्द अरबीतून आपल्याकडे आला. शाळेच्या पटापासून ताप्ती मिलच्या फाटकापर्यंत तो इतका रुळला की त्याचे परकेपण कुणाला जाणवत नाही. हजर म्हणजे समोर असलेला. परंतु समोर असणे आणि समोर असल्याची नोंद असणे, या दोन गोष्टी एक नव्हेत. शासकीय सेवेत आयुष्य काढूनही हा भेद आमच्या पुरता ध्यानी आला तो निवृत्तीनंतर, एका लहानशा कामाच्या निमित्ताने.

आमचा भाचा संगणकाची कामे घेतो. बुऱ्हाणपुरातल्याच एका कापड कारखान्यासाठी कामगारांच्या येण्याजाण्याच्या वेळांचा डेटाबेस त्याला तयार करायचा होता. "मामा, तुम्ही जन्मभर मस्टर सांभाळलंत. कोणते रकाने ठेवू ते सांगा," असे म्हणत तो कागद घेऊन आला. त्याच्या आराखड्यात चार रकाने होते: कामगाराचा क्रमांक, तारीख, येण्याची वेळ, जाण्याची वेळ. वरवर पाहता यात उणे काहीच नव्हते.

आम्ही विचारले, रात्रपाळीचा विणकर दहाला येतो आणि सकाळी सहाला जातो, त्याची तारीख कोणती? भाचा विचारात पडला. त्याच्या तक्त्यात हा माणूस एके दिवशी आला तो गेलाच नाही आणि दुसऱ्या दिवशी न येताच गेला, असे दिसले असते. रात्रभर मागावर उभा राहूनही त्याचे दोन्ही दिवस अपुरे ठरले असते. १९४८ च्या कारखाने कायद्याने हा विचार आधीच केला होता. मध्यरात्रीनंतरचे तास आदल्या दिवसाच्या हिशेबात धरावेत, असे त्याच्या ५७ व्या कलमात स्पष्ट म्हटले होते. ही अडचण सुटण्यासारखी होती; ती सुटली.

दुसरा प्रश्न अधिक अवघड निघाला. येण्याची वेळ आहे, पण जाण्याची नाही, किंवा दोन्ही नाहीत, तर काय समजायचे? भाचा सहज म्हणाला, "मग यंत्र गैरहजर धरील." त्या 'धरील' शब्दापाशी आम्ही थबकलो. एक जुना लाल फुलीचा दिवस आठवला.

एका कार्यालयात असताना साडेदहाला मस्टर आमच्या टेबलावर येई. ज्याची सही नसे त्याच्या नावापुढे आम्ही लाल शाईने फुली मारीत असू. तीन फुल्या झाल्या की एक दिवसाची किरकोळ रजा कापली जाई. एका शिपायाची तिसरी फुली अशीच पडली. तो दुपारी आला आणि मुकाट्याने कामाला लागला. महिनाअखेरीस रजेचा हिशेब झाल्यावर देयकांची वही चाळताना आम्हाला दिसले, की त्या सकाळी तो कोषालयात देयके घेऊन परस्पर गेला होता. आदल्या संध्याकाळी तसे सांगितले होते आम्हीच. त्याला बोलावून विचारले, तर तो इतकेच म्हणाला, "जाऊ द्या साहेब, आता कागदावर आलंय." आणि आम्हीही जाऊ दिले. मस्टरमध्ये खाडाखोड नको, हे कारण त्या वेळी आम्हाला पुरेसे वाटले.

कडक नोंदीची गरज नाही, असे आमचे म्हणणे नाही. मुघल अमदानीत आपले बुऱ्हाणपूर दख्खनच्या कारभाराचे मुख्य ठाणे होते. त्या राजवटीत घोड्यांना डाग देण्याची आणि स्वारांची चेहरेपट्टी लिहून ठेवण्याची पद्धत होती. कारण हजेरीच्या दिवशी उसने घोडे उभे करून पगार उचलणारे कमी नव्हते. आपल्या काळात रोजगार हमीच्या कामांवर खोटी नावे चढू नयेत म्हणून १ जानेवारी २०२३ पासून मोबाइलवर दिवसातून दोनदा मजुरांचे छायाचित्र घेणे देशभर बंधनकारक झाले. पुढे जुलै २०२५ मध्ये केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयालाच लिहावे लागले, की कामाशी संबंध नसलेली छायाचित्रे, इतकेच नव्हे तर छायाचित्राचेच छायाचित्र काढून हजेरी भरली जात आहे. डागलेल्या घोड्यापासून इथवर येऊनही लबाडाला वाट सापडतेच. वाट सापडत नाही ती सरळ माणसाला. सिमेंट कालवून, दगड फोडून ज्याच्या बोटांच्या रेषा झिजल्या, त्याचा अंगठा यंत्र ओळखत नाही. आणि तो समोर उभा असूनही हजर ठरत नाही.

म्हणून प्रश्न यंत्राचा नसून शंकेचा भार कुणी वाहावा, हा आहे. रकाना रिकामा असेल तर त्याचा प्रामाणिक अर्थ 'ठाऊक नाही' एवढाच होतो. 'ठाऊक नाही'चे 'नव्हता' करणे हा निवाडा आहे, आणि तो चौकशीवाचून, तक्ता आखणाऱ्याच्या हातून आधीच होऊन जातो. मालकाचा आक्षेप असा, की अशा सवलतीचा काही कामगार गैरफायदा घेतील. घेतील. परंतु त्या चुकीने मालकाच्या खात्यातून थोडी रक्कम जाईल. उलट चुकीने एका घरातली दिवसाची मजुरी जाईल. दोन्ही चुका तराजूत सारख्या नाहीत.

अखेर आम्ही भाच्याला तीन गोष्टी सांगितल्या. रिकामी वेळ रिकामीच राहू दे. तिच्यापुढे 'गैरहजर' हा शब्द माणसाने चौकशी करून लिहावा. दुरुस्ती करताना जुनी नोंद पुसू नये. नवी नोंद कुणी, केव्हा आणि का केली, याचे रकाने वेगळे असावेत. आणि मजुरी कापण्यापूर्वी प्रत्येकाला त्याची महिन्याची नोंद दाखवावी.

आपल्यापैकी कितीतरी घराणी दप्तराच्या निमित्ताने या तापीकाठी आली आणि लेखणीवर जगली. लिहिलेले ते खरे, हा संस्कार आपल्या रक्तात आहे. त्याला जोडून एवढेच शिकायचे राहिले होते, की न लिहिलेले ते खोटे नव्हे.

भाच्याने ते रकाने वाढविले. आमच्या त्या मस्टरमध्ये मात्र 'का' लिहायला जागा नव्हती. आणि खरे सांगायचे तर जागा असती, तरी त्या दिवशी आम्ही लेखणी उचलली असती की नाही, हे आज आम्हाला सांगवत नाही.