खुराड्यापाशी, अंधार पडल्यावर

कोंबड्या आत गेल्या, खुराड्याचं दार लागलं. लगेच घरात जाऊ नका. बॅटरी विझवा, मोबाइल खिशात टाका आणि खुराड्याच्या कुडाशी पाट घेऊन बसा. दिवसभर त्या उकरत, भांडत, कणी टिपत असतात. त्या गडबडीत त्यांचा श्वास कानावर येत नाही. आता जागेवरून थोडी ढकलाढकली होईल, एखादी तलंग कुरकुरेल, मग सगळं स्थिरावेल. पंधरा-वीस मिनिटं जातील. जाऊ द्या.

निरोगी कोंबडीचा श्वास ऐकू येत नाही. त्यामुळे या शांततेत जे काही कानावर पडेल, ते नीट ऐका. ओलसर खुळखुळ, घशात अडकलेली घुरघुर, अर्धवट शिंक, चोच उघडून ओढलेला चिरका सूर. कुठल्या कोपऱ्यातून येतोय? एकीचा आहे की दोघी-तिघींचा? आवाज ऐकला की मन लगेच औषधाकडे धावतं, घरात उरलेली कुठली पुडी कुठे ठेवली आहे ते आठवू लागतं. मनाचं ते धावणं ओळखा आणि पुन्हा कानाकडे या. आजच्या रात्रीचं काम ऐकण्याचं आहे.

आता थोडा वेळ स्वतःच्या श्वासाकडे वळा. हवा आत गेली की बरगड्या फुलतात, पोट पुढे येतं. छाती आणि पोट यांच्यामधला पडदा खाली सरकतो आणि फुप्फुसं ताणली जातात. कोंबडीला हा पडदा नाही. तिची फुप्फुसं लहान, घट्ट, पाठीकडच्या बरगड्यांना धरून बसलेली. ती आपल्यासारखी फुगत नाहीत. पण मानेपासून पोटापर्यंत तिच्या अंगात पातळ पापुद्र्याच्या हवेच्या पिशव्या पसरलेल्या असतात, काही तर हाडांच्या पोकळीत शिरलेल्या. छातीचं हाड खाली-वर झालं की या पिशव्या लोहाराच्या भात्यासारख्या हवा ओढतात आणि फुप्फुसांतून पुढे लोटतात. एकदा आत घेतलेली हवा पुरा फेरा करून बाहेर पडायला तिला दोन श्वास लागतात. श्वासाबरोबर आलेल्या धुळीला, बुरशीला, जंतूंना पार पोटापर्यंत वाट मोकळी असते. आपल्याला सर्दी झाली तर नाक गळतं. तिच्या सर्दीला अंगभर जागा आहे. म्हणून तिची साधी शिंकही हलकी धरू नये.

सकाळी, इतर कोंबड्या सोडण्याआधी, रात्री जिचा आवाज ऐकला ती कोंबडी हातात घ्या. पंखांवर तळहात ठेवा, पण छाती आवळू नका. छातीचं हाड हललं नाही तर तिला श्वास घेताच येत नाही. लहान मुलं मायेनं पिल्लू घट्ट धरतात आणि ते हातातच गुदमरतं, ते यामुळे. मांडीवर घेऊन जरा थांबा, तिची धडधड ओसरू द्या. मग चोचीच्या मुळाशी असलेल्या नाकपुड्यांच्या दोन फटी पाहा. कोरड्या आहेत, की ओल्या होऊन त्यांवर मातीची खपली धरली आहे? डोळ्याच्या कोपऱ्यात साबणासारखा फेस आहे का? डोळ्याखाली गाल फुगला आहे का? तिथे आत पोकळी असते आणि तिची बाहेरची बाजू नुसत्या कातडीची, त्यामुळे शेंबूड साठला की सूज लगेच दिसते. नाकाजवळ वास घ्या. खांद्याजवळची पिसं चिकट होऊन वाळली असतील, तर ती रात्रभर नाक तिथे पुसत होती. चोच हलकेच उघडा. जिभेवर, टाळ्यावर पिवळट पापुद्रे दिसले तर देवीचा आजार घशात उतरलेला असू शकतो. मग तिला खाली ठेवा आणि मागून पाहा: दर श्वासाला शेपूट खाली-वर होतंय का?

चैत्र-वैशाखात, विशेषतः विदर्भ-मराठवाड्यात, दुपारी सगळ्याच कोंबड्या चोच उघडून धापा टाकतात. त्यांना घाम येत नाही, तोंडावाटेच अंग थंड करावं लागतं. तेव्हा त्या पंख अंगापासून दूर धरतात आणि सावली-पाणी मिळालं की सावरतात. पहाटेच्या गारव्यात एकटी कोंबडी मान लांबवून श्वास ओढत असेल, तर ती उन्हानं धापत नाही.

आता खुराड्यात वाका. उभं राहून वास घेऊ नका, उकिडवं बसा आणि नाक कोंबडीच्या उंचीवर न्या. ती रात्रीचे दहा-बारा तास इथली हवा घेते. डोळे चुरचुरले? घशात तिखट लागलं? तो विष्ठेतून सुटणारा अमोनिया आहे. श्वासनळीच्या आतल्या बाजूला केसांहून बारीक लव असते, ती धूळ आणि जंतू सतत वर ढकलून बाहेर काढते. अमोनियानं ती लव थकते, मग गळते. रोगाला पहिलं दार बहुतेक वेळा असं आपणच उघडून दिलेलं असतं. मुठीत खालचं तूस घेऊन दाबा. गोळा तसाच राहिला तर ओल जास्त आहे. ओलं काढून टाका, राहिलेलं उलथून मोकळं करा, वर कोरडं पसरा. तुसाला कुबट वास येत असेल तर ते वापरूच नका. त्यातली बुरशी पिल्लांच्या फुप्फुसात जाऊन बसते, आणि तिच्यावर उपचार असा नाही.

कोकणात मृग लागला की खुराड्याला चहूबाजूंनी ताडपत्री बांधतात. पाऊस अडतो, तशी हवाही अडते. कोंबडीच्या डोक्याच्या वर हातभर जाळी उघडी हवी, म्हणजे वारं वरून जाईल आणि अंगावर झोत येणार नाही. डास-पिसवांसाठी संध्याकाळी कडुनिंबाच्या पाल्याचा धूर करायची आपल्याकडे जुनी रीत आहे. रीत चांगल्या हेतूची आहे, तरी आत कुणी खोकत असेल तर तो धूर त्या दिवसांपुरता बंद ठेवा. खुराडं चुलीच्या भिंतीला लागून असेल तर तिथला धूर कुठे जातो, तेही एकदा बसून पाहा.

इतकं पाहून झाल्यावर नावाकडे या. नावं बरीच आहेत. मानमोडी, म्हणजेच राणीखेत: 1926 साली जावा बेटात आणि इंग्लंडातल्या न्यूकॅसलला हा रोग प्रथम ओळखला गेला, पुढच्याच वर्षी कुमाऊँतल्या राणीखेतला. धाप, हिरवट हगवण, मान पिळवटणं, आणि बघता बघता खुराडं रिकामं. दुसरा तो जुनाट श्वसनरोग, ज्याला डॉक्टर सीआरडी म्हणतात. महिनोन्‌महिने घुरघुर, फेसाळ डोळे, हळूहळू वाळत जाणारी कोंबडी. कोरायझात तोंड सुजतं आणि नाकाला कुजका वास येतो. संसर्गजन्य ब्राँकायटिस हा कोंबड्यांच्या कोरोना विषाणूचा रोग, 1931 साली अमेरिकेत नोंदवलेला. तो माणसाला होत नाही, पण दोन दिवसांत अख्खा कळप शिंकू लागतो आणि नंतर कितीतरी दिवस अंडी सुरकुतलेल्या कवचाची, पाणचट पांढऱ्या बलकाची येतात. सुरुवातीला यांतला कुठलाही आजार दुसऱ्यासारखा दिसतो. नुसत्या नजरेनं जाणत्या डॉक्टरांनाही खात्री देता येत नाही. त्यासाठी नमुना प्रयोगशाळेत जावा लागतो. शेजाऱ्यानं दुरून पाहून सांगितलेल्या नावावर विसंबू नका.

इथे ती उरलेली पुडी पुन्हा आठवेल. तिला मनात येऊ द्या आणि विचारा: ही कशावर चालते? विषाणूवर कुठलंच प्रतिजैविक चालत नाही. सीआरडीचा जंतू मायकोप्लाझ्मा. त्याला पेशीभित्तिकाच नसते, आणि पेनिसिलिन गटातली औषधं तर त्या भिंतीवरच घाव घालतात. त्याच्यासाठी वेगळी औषधं आहेत, ती वजनावर आणि ठरावीक दिवस द्यावी लागतात, त्या काळातली अंडी खायची नसतात. हे सगळं पशुवैद्यकानं ठरवायचं. हळद, लसूण, तुळस द्यायची तर द्या, फक्त त्यांच्या भरवशावर दवाखान्याची फेरी लांबवू नका. आणि एक गोष्ट कळकळीनं सांगते: आजारी कोंबडीची चोच फाकवून तेल किंवा काढा घशात ओतू नका. तिच्या जिभेच्या मुळाशीच श्वासनळीचं तोंड आहे. ओतलेलं थेट फुप्फुसात उतरतं आणि रोगातून वाचली असती ती कोंबडी आपल्या हातून जाते. चोचीच्या कडेला एक थेंब सोडा, ती गिळेल, मग दुसरा.

आजारी कोंबडीला वेगळं काढा. डालग्याखाली, कोरड्या आणि उबेच्या जागी, वारा बाकीच्यांवरून तिच्याकडे येईल अशा बाजूला. तिचं पाण्याचं भांडं वेगळं. नाकावरची खपली कोमट मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या कापसानं सुटते. वास येत नसल्यामुळे आणि नाक बंद असल्यामुळे तिचं खाणं कमी होतं; मऊ कणीचा भात, ओलसर भरडा समोर ठेवा. आधी निरोगी कोंबड्यांचं सगळं उरका, मग तिच्याकडे जा, आणि तिथून येताना हात धुवा, चपला बदला. जंतू उडत येतात त्याहून जास्त आपल्या पायांनी येतात.

ती बरी झाली तर आनंद माना. मात्र मायकोप्लाझ्मा झालेली कोंबडी बरी दिसली तरी जन्मभर तो जंतू बाळगते, आणि अंड्यातून पिल्लाला देते. म्हणून तिची अंडी खुडूक कोंबडीखाली ठेवू नका. तिला राहू द्यायचं की नाही, याचं उत्तर प्रत्येक घराचं वेगळं असेल. तिच्या असण्यानं बाकीच्यांवर काय येणार आहे, हे पुरतं समजून ते द्या. नवी कोंबडी आणलीत तर तीन-चार आठवडे दूर ठेवा.

आता जरा अवघड जागी थांबू. कोंबड्या शिंकू लागल्या, दोन मेल्या, आणि परवा आठवडी बाजार आहे. 'मरण्याआधी विकून टाकू' हा विचार येतो. हातातले चार पैसे जाताना दिसले की तो येणारच. त्यासाठी स्वतःला दोष देऊ नका. फक्त तो विचार पुढपर्यंत नेऊन बघा. ती कोंबडी पाटीत दहा अनोळखी कोंबड्यांना चिकटून बसेल. संध्याकाळी त्या दहा जणी दहा वाड्यांवर जातील. तिथेही कुणीतरी अंडी विकून पोरांच्या वह्या आणत असेल, बहुधा घरातली बाईच. आपली मर तिच्या दारात नेऊन सोडण्याचा हक्क आपल्याला नाही, याबाबत माझ्या मनात शंका नाही. मेलेली कोंबडी ओढ्यात किंवा उकिरड्यावर टाकणंही तेच. कुत्रं उकरणार नाही इतका खोल खड्डा घ्या, वर चुना टाका, मग माती.

आणि एक-दोन दिवसांत एकामागून एक कोंबड्या पडू लागल्या, तुरे काळेनिळे पडले, डोकी सुजली, तर मेलेल्यांना उघड्या हातानं शिवू नका, कापू नका, खाऊ नका. 2006 च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला भारतातला पहिला बर्ड फ्लू निघाला. 2021 मध्ये परभणीच्या मुरुंब्यात तो पुन्हा दिसला, आणि 2025 च्या जानेवारीत उरणजवळ चिरनेरला, तिथे तर परसातल्याच कोंबड्यांत. अशा वेळी लोक कळवायला भितात, कारण कळवलं की आपल्याबरोबर शेजाऱ्यांच्याही कोंबड्या मारल्या जातात. ती भीती खरी आहे. पण हा विषाणू माणसालाही जडतो, आणि 2009 च्या कायद्यानं अशा रोगाची खबर देणं पाळणाऱ्याचं कर्तव्य ठरवलं आहे. 1962 या क्रमांकावर फोन लावा, किंवा ग्रामपंचायतीत आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन सांगा.

शेवटी खुराड्याकडून आळीकडे नजर न्या. कोंबडी कुंपण मानत नाही. तुमची शेजारच्या उकिरड्यावर आणि त्यांची तुमच्या परसात. सगळ्या आळीची हवा एक आहे, म्हणून लसही सगळ्या आळीनं एकदम घ्यावी. मानमोडीची लस स्वस्त आहे आणि सरकारी दवाखान्यात मिळते: पहिल्या आठवड्यात डोळ्यात थेंब, आठव्या आठवड्यानंतर टोचणी. पण तिची कुपी शंभर-दोनशे मात्रांची असते, बर्फात न्यावी लागते आणि एकदा कालवली की दोनेक तासांत संपवावी लागते. बारा कोंबड्यांसाठी ती फोडली जात नाही, आणि घराघरातल्या बारा-बारा तशाच राहून जातात. तेव्हा सध्याचं आजारपण ओसरलं की एक वही घेऊन आळीतून फिरा. कुणाकडे किती कोंबड्या, किती पिल्लं, लिहून घ्या. कुणाकडे घुरघुर आहे का तेही विचारा, कारण लस निरोगी कोंबडीलाच द्यायची. शंभराचा आकडा जमला की ती वही घेऊन दवाखान्यात जा आणि डॉक्टरांकडून एखाद्या सकाळची वेळ ठरवून या.