शाळा उघडण्यापूर्वी : शिक्षकांस व मंडळ्यांस दोन शब्द

शास्त्रपाठ : निर्गम, अध्याय १८, ओव्या १३ ते २३



मृग नक्षत्र जवळ आले म्हणजे कुणबी आपल्या बैलांकडे निरखून पाहू लागतो. खांद्यास सूज आहे काय, खूर झिजले आहेत काय, याची तो चौकशी करितो, पेंड व वैरण वाढवितो, आणि औताचा फाळ लोहाराकडून पाजवून आणितो. पेरणीच्या आठवड्यात बैल बसला तर सबंध वर्ष हातचे जाते, हे त्यास कोणी शिकवावे लागत नाही.

त्याच सुमारास आपल्या गावांत दुसरीही एक पेरणी जवळ येते. जून महिन्याच्या मध्यास शाळा उघडतात. विदर्भात उन्हाच्या तापामुळे काहीशा उशिराने. ही पेरणी करणारे जे आमचे शिक्षक व शिक्षिका, मग ते जिल्हा परिषदेच्या शाळेत असोत, मिशनच्या शाळेत असोत अथवा आश्रमशाळेत असोत, त्यांच्या खांद्यांकडे कोण पाहतो? बैलास पेंड आणि शिक्षकास मात्र नुसता उपदेश, असे आमच्या मंडळ्यांत होत नाही ना? मळणी करणाऱ्या बैलाचे तोंड बांधू नये ही आज्ञा संत पौलाने कामकरी माणसांस लागू केली आहे. तेव्हा ही तुलना कोणी कमीपणाची मानू नये.

आता शास्त्रपाठाकडे वळू. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत न्याय करीत बसला आहे, आणि लोक त्याच्याभोवती उभे आहेत. त्याचा सासरा इथ्रो पाहुणा म्हणून आला आहे. घरच्या माणसांस जे रोज पाहून दिसेनासे झाले होते, ते पाहुण्यास एका दिवसात दिसले. तू एकटाच का बसला आहेस, असे त्याने विचारिले. लोक माझ्याकडे येतात, असे मोशेने उत्तर दिले. या उत्तरात खोटे काही नाही. आमचा प्रत्येक शिक्षक हेच उत्तर देईल : मुले येतात, पालक येतात, वरून हुकूम येतात, मग मी काय करावे?

इथ्रोच्या बोलण्यातील तीन गोष्टींकडे आपण लक्ष देऊ.

पहिली गोष्ट ही की, काम चांगले असले म्हणजे ते करण्याची रीतही चांगली असतेच असे नाही. न्याय करू नकोस असे इथ्रो म्हणाला नाही. एकट्याने करू नकोस असे म्हणाला. पुष्कळ सात्त्विक शिक्षकांस असे वाटते की, आपण जितके अधिक झिजू तितके देवास अधिक आवडू. परंतु दिव्याची उपमा लक्षात आणा. दिव्यात तेल असते तोवर तेल जळते आणि उजेड पडतो; तेल सरले म्हणजे वात जळू लागते, आणि मग घरात उजेड न पडता धूर होतो. जळणे दोन्हीकडे आहे, परंतु घरच्या माणसांस त्यांतील भेद तत्काळ कळतो.

दुसरी गोष्ट ही की, थकवा एकट्याचा राहत नाही. तू थकशील आणि तुझ्याबरोबरचे हे लोकही थकतील, असे इथ्रोने स्पष्ट बजाविले. शाळेत हे अगदी खरे ठरते. ज्याच्या घरात आजवर कोणी शाळेची पायरी चढले नाही असे मूल पहिलीत येते, तेव्हा त्याच्या दृष्टीने शाळा म्हणजे इमारत नव्हे, पुस्तकही नव्हे. शाळा म्हणजे गुरुजींचा किंवा बाईंचा चेहरा. तो चेहरा पहिल्याच आठवड्यात त्रासलेला दिसला तर ते मूल प्रश्न विचारण्याचे सोडून देते, आणि प्रश्न सोडलेले मूल पुढे शाळाही सोडण्याचा संभव असतो. म्हणून शिक्षकाचा विसावा ही त्याची खाजगी चैन नव्हे. त्यावर त्या मुलाचे भवितव्य अवलंबून आहे.

त्याच अध्यायाच्या आरंभी एक बाब आहे, ती वाचताना सहज नजरेतून सुटते. मोशेची बायको सिप्पोरा व त्याचे दोन मुलगे इथ्रोकडे ठेविलेले होते, आणि त्यांस घेऊनच इथ्रो आला होता. जो सर्व इस्राएलाच्या घरांतील तंटे मिटवीत होता, त्याचे स्वतःचे घर सासऱ्याच्या आश्रयाला होते! गावच्या चाळीस मुलांची वह्या-पुस्तके तपासता तपासता ज्यांच्या घरच्या मुलाची वही महिनोन्‌महिने उघडली जात नाही, अशा शिक्षकांनी व शिक्षिकांनी येथे क्षणभर थांबावे.

तिसरी गोष्ट ही की, इथ्रोने केवळ कींव केली नाही, व्यवस्था सांगितली. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर व दहांवर माणसे नेमावी. लहान गोष्टी त्यांनी पाहाव्या, मोठ्या मोशेकडे आणाव्या. जो विसावा व्यवस्थेवाचून मिळतो तो दोन दिवसांत संपतो.

शिक्षक खचला म्हणजे त्याची श्रद्धा कमी पडली, असे बोलण्याची काही ठिकाणी चाल आहे. हे बोलणे शास्त्रास धरून नाही. कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय पाहिल्यानंतरच एलीया रतामाच्या झाडाखाली पडला आणि मरण मागू लागला. तेव्हा देवाने त्यास प्रथम उपदेश केला नाही. त्यास झोप येऊ दिली. दूताकरवी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर व पाण्याचे भांडे दिले. पुन्हा झोपू दिले. पुन्हा जेवू घातले. प्रश्न पुढे होरेब डोंगरावर विचारिला. मी एकटाच उरलो, असे एलीया म्हणत होता; तेव्हा अजून सात हजार आहेत हे त्यास सांगितले, आणि मदतीस अलीशा दिला. अन्न, झोप आणि सोबती, हा देवाच्या उपायाचा क्रम आहे.

आजच्या वैद्यकीय ज्ञानाचाही या बाबतीत विरोध नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली मान्य केलेल्या रोगवर्गीकरणाच्या ११ व्या आवृत्तीत या खचण्याचे वर्णन केले आहे. हा रोग नव्हे, तर कामाच्या ठिकाणी दीर्घकाळ न आवरलेल्या ताणाचा परिणाम आहे, असे ती सांगते. आणि त्याची तीन चिन्हे देते : शक्ती संपल्यासारखे वाटणे, कामाविषयी मन विटणे, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असे वाटणे. ही चिन्हे दिसू लागली तर वेळीच बोलावे. झोप उडाली, किंवा एलीयाप्रमाणे मरण बरे असे वाटू लागले, तर प्रार्थनेबरोबर वैद्याकडेही जावे. सरकारच्या ‘टेली-मानस’ सेवेचा १४४१६ हा दूरध्वनी त्यासाठी विनामूल्य आहे. वैद्याकडे जाणे हा अविश्वास नव्हे. निखाऱ्यावरची भाकर एलीयाने नाकारली नाही.

आपल्याच प्रांतातील शिक्षणाच्या इतिहासात याचे दोन दाखले आहेत. मिस सिंथिया फॅरार १८२७ साली मुंबईस उतरल्या आणि मुलींच्या शाळा चालवू लागल्या. दहा वर्षांच्या श्रमांनंतर प्रकृती ढासळल्यामुळे १८३७ साली त्यांस अमेरिकेस परत जावे लागले. १८३९ साली त्या पुन्हा आल्या, आणि ज्यास आज अहिल्यानगर म्हणतात त्या अहमदनगर शहरी १८६२ साली मरण येईपर्यंत त्यांनी सेवा केली. म्हणजे दोन वर्षांच्या विसाव्यानंतर वीस वर्षांहून अधिक काळ काम झाले. त्यांच्याच अहमदनगर येथील संस्थेत सावित्रीबाई फुले यांनी अध्यापनाचे शिक्षण घेतले, असे चरित्रकार सांगतात. त्या सावित्रीबाईही आजारपणामुळे १८५६ साली काही काळ माहेरी, नायगावी, जाऊन राहिल्या होत्या. तेथून ऑक्टोबर महिन्यात जोतीरावांस लिहिलेल्या पत्रात, आपल्यामागे फातिमेस फार त्रास पडत असेल, परंतु ती कुरकूर करणार नाही, असा भाव आहे. ज्यांनी अंगावर चिखल-शेण झेलून शाळा चालविली, त्यांसही विसाव्याची गरज पडली. आणि त्या दूर असताना शाळेचे ओझे उचलणारी सहकारीण होती, हे आपण विसरू नये.

आता शिक्षकबंधूंस व भगिनींस काही व्यावहारिक सूचना करितो.

शाळा उघडण्यापूर्वी एक दिवस काढून वर्षाची सर्व कामे कागदावर मांडा, आणि त्यांचे तीन भाग करा : जे केवळ आपणच करू शकतो ते, जे दुसरा कोणी करू शकतो ते, आणि जे मागे ठेविले तरी मुलांचे नुकसान होत नाही ते. पुष्कळांस असे आढळेल की, आपला दम दुसऱ्या व तिसऱ्या भागातच जात होता.

सबंध वर्षाची टाचणे मे महिन्यातच लिहून काढण्याचा हव्यास धरू नका. अरण्यात मान्ना रोजच्या रोज वेचावयाचा होता. उद्यासाठी साठविला त्यात किडे पडले. पहिल्या दोन आठवड्यांची पक्की तयारी आणि पुढील महिन्यांचा ढोबळ आराखडा एवढा पुरे. त्या पहिल्या दिवसांत धडे संपविण्याची घाई न करिता मुलांची नावे शिका, कोणास वाचता येते व कोणास येत नाही हे शांतपणे पाहा. जेथे एकाच खोलीत दोन-तीन इयत्ता बसतात तेथे मोठ्या मुलांकडून लहानांचे पाढे व वाचन घ्यावे. इथ्रोच्या योजनेतील दहांवरचे नायक तेच होत.

संध्याकाळी एक वेळ ठरवा, आणि त्यानंतर वही व मोबाईल दोन्ही मिटा. रात्री दहा वाजता आलेला निरोप सकाळी सातास वाचला तर बहुधा काही बिघडत नाही. प्रेषित सेवेहून परत आले तेव्हा येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या गर्दीमुळे त्यांस जेवावयासही सवड नव्हती. प्रभूने त्यांस एकांतात येऊन थोडा विसावा घ्यावयास सांगितले. तो शब्द आळशांस नव्हे, काम करून आलेल्यांस होता.

परंतु सर्व भार शिक्षकावरच टाकून आम्ही हा लेख संपविला तर इथ्रोचा उपदेश आम्हांस कळलाच नाही असे होईल. बालकांच्या शिक्षणाचा २००९ चा कायदा, जो १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला, शिक्षकाच्या कामाचे आठवड्यास ४५ तास सांगतो, आणि पाठांची तयारी त्यांतच धरितो. दशवार्षिक जनगणना, आपत्तीतील साहाय्य व निवडणुका यांवाचून अन्य बिगरशैक्षणिक कामास शिक्षकास लावू नये, असेही त्याच्या २७ व्या कलमात आहे. सरकारी नोंदी व माहित्या वाढत चालल्या आहेत, काहींस वेतन वेळेवर मिळत नाही, हे आम्ही जाणतो. त्याविषयी दाद मागणे योग्यच आहे. पण दुसऱ्याच्या डोळ्यातील कुसळ पाहण्यापूर्वी मंडळीने स्वतःकडे पाहावे.

आमच्या मंडळ्यांत काय घडते? गुरुजींस लिहिता येते, म्हणून सभेचे इतिवृत्त त्यांनी लिहावे. हिशेब येतो, म्हणून खजिना त्यांच्याकडे. बाईंस गाता येते, म्हणून गायनमंडळ त्यांचे. मुले त्यांचे ऐकतात, म्हणून शब्बाथ शाळा त्यांची. नाताळचे नाटक त्यांनी बसवावे. आणि ज्यास ज्यास अर्ज लिहून पाहिजे त्याने रविवारी दुपारी त्यांच्याच ओट्यावर बसावे. सहा दिवस शाळेने घेतले, सातवा आम्ही घेतला! शब्बाथाची आज्ञा आम्ही उपासनामंदिरात वाचितो, आणि उपासनामंदिरातच ती आमच्या शिक्षकांकरिता मोडितो.

म्हणून पाळकांनी, उपदेशकांनी व पंचांनी या वर्षी तीन गोष्टी कराव्या, अशी आमची विनंती आहे. पहिली, शाळा उघडल्यापासून निदान तीन महिने शिक्षकांस शब्बाथ शाळेच्या कामातून मोकळे करावे, आणि बारावी झालेल्या तरुण-तरुणींस ते शिकवावे. यायोगे नवे सेवकही तयार होतील. दुसरी, एका माणसाकडे मंडळीची दोन कामे असू नयेत. तिसरी, शाळा उघडण्यापूर्वीच्या रविवारी गावातील सर्व शिक्षकांकरिता, मग ते कोणत्याही धर्माचे असोत, नाव घेऊन प्रार्थना करावी. आणि त्याच आठवड्यात उपदेशकाने त्यांच्या घरी जाऊन एवढेच विचारावे की, तुमचे कोणते ओझे आम्ही उचलू? गावातील वडीलधाऱ्यांनी शाळेचे कुंपण बांधून दिले, एखाद्या मावशीने पहिल्या दिवशी रडणारी मुले सांभाळली, तरी ती मोठी सेवा होय.

इथ्रोने शेवटी मोशेस आश्वासन दिले की, असे केल्यास तू टिकशील, आणि हे सर्व लोक शांतीने आपापल्या ठिकाणी जातील. आपल्या शाळांविषयी आम्हांस याहून अधिक मागणे नाही. शिक्षक टिकावा, आणि संध्याकाळी घंटा झाल्यावर मुलांनी आनंदाने आपापल्या घरी जावे. तो पुरवठा करणारा प्रभु आमच्या शिक्षकांच्या दिव्यांत तेल घालो, आणि ते घालण्यास आमचे हात वापरो. आमेन.