हलगी कुणासाठी वाजते?

धर्माबाद हे नांदेड जिल्ह्याच्या टोकाचं गाव. लाल मिरचीच्या बाजारासाठी ओळखलं जाणारं. पलीकडे लगेच तेलंगणा लागतो. इकडे जिला हलगी म्हणतात, तिची सख्खी बहीण तिकडे ‘डप्पू’ म्हणून वाजते. गोल कडं, त्यावर ताणलेलं कातडं, एका हातात बारीक काडी, दुसऱ्यात टिपरू. वाजवण्याआधी ती जाळावर शेकतात, म्हणजे कातडं ताणतं आणि आवाज कडक निघतो. इकडे ती परंपरेने मातंगांकडे, तिकडे मादिगांकडे. सीमा ओलांडली की भाषा बदलते, उतरंडीतली जागा बदलत नाही.

गाणं नाही, पेटी नाही, सनई नाही, अशी फक्त हलग्यांची रचना होऊ शकते का? का नाही होणार! एडगर वारेझ या संगीतकाराने १९३१ साली ‘आयोनायझेशन’ ही रचना पूर्ण केली. ती १३ तालवादकांसाठी आहे आणि १९३३ मध्ये न्यूयॉर्कला सादर झाली. आपल्याकडे तर तबल्याचं एकलवादन आहेच. पेशकार, कायदा, रेला, गत. तिथे पेटी किंवा सारंगी फक्त लेहरा धरते, बोलतो तो तबला.

म्हणजे अडचण वाद्यात नाही. तबल्यासमोर लोक मांडी घालून बसतात. हलगीसमोर कुणी बसत नाही. ती वरातीपुढे, पोळ्याच्या बैलांपुढे, जत्रेत, अंत्ययात्रेत चालत वाजते. प्रसंग दुसऱ्याचा, हात हलगीवाल्याचे. ‘वाजव’ म्हटलं की वाजवायचं, ‘बास’ म्हटलं की थांबायचं. त्यातला एखादा ठेका कुणी रचला, हे विचारायची पद्धतच पडली नाही.

म्हणून अनेक घरांतल्या पोरांनी हलगी खाली ठेवली. त्यांना ‘परंपरा सोडली’ म्हणून नावं ठेवणं सोपं आहे. पण जे काम जन्माने गळ्यात पडतं, ते नाकारण्याचा हक्क आधी येतो, कला नंतर. तमिळनाडूत ‘परई’ या अशाच वाद्याबाबत अनेकांनी उलट वाट धरली. ज्या वाद्यावरून हिणवलं गेलं, तेच हातात घेऊन ते मंचावर उभे राहिले. मला दोन्ही बरोबर वाटतात, कारण दोन्हीकडे निर्णय वाजवणाऱ्याचा आहे.

आता तिसरी वाट तुमच्या मोबाईलमध्ये आहे. हलगीचे तुकडे ॲपमध्ये टाकून बीट बनवा, रील चढवा. आवाज मिळाला, माणूस गायब. कातड्याला कधीकाळी ज्यांनी विटाळ मानला, त्यांच्याही हेडफोनमध्ये तो आता बिनविटाळाचा वाजतो. म्हणून तो आवाज वापरूच नये, असं मी म्हणणार नाही. ध्वनीला जातीचं कुंपण घालणं हाही वेडेपणाच. पण ठेका कुणाचा, हे विचारायला, त्याचं नाव लिहायला आणि पैसे आले तर त्यातला वाटा द्यायला काय हरकत आहे?

फक्त हलग्यांची रचना व्हावी, असं मला मनापासून वाटतं. अर्धा तास, दहा हलग्या, पुढे वरात नाही की बैल नाहीत. वाजवणारे खुर्चीवर, रचनाकाराचं नाव पत्रिकेवर. एरवी ज्यांच्या दारापुढे हलगी वाजते, त्यांनी त्या दिवशी तिकीट काढून समोर गप्प बसावं. तेवढं जमेल का आपल्याला?