पलाशी आणि खाल्ल्या मिठाचा न्याय

बंगालच्या नदिया जिल्ह्यात भागीरथीच्या काठी पलाशी हे गाव आहे. नाव पळसावरून पडलेले. इतिहासात गाजली ती मात्र तेथील आमराई, जी पुढे पात्र बदलणाऱ्या नदीनेच गिळली. २३ जून १७५७ रोजी तिच्या आश्रयाने क्लाइव्हचे सुमारे तीन हजार सैनिक उभे होते, आणि त्यांतील बहुसंख्य हिंदी शिपाईच होते. समोर सिराजउद्दौल्याची फौज कित्येक पटींनी मोठी. दुपारच्या पावसात नबाबाच्या तोफांची दारू भिजली, मीर मदन पडला. मीर जाफर, राय दुर्लभ आणि यार लुत्फ खान आपापली पथके घेऊन नुसते पाहत राहिले. संध्याकाळच्या आत सारे आटोपले.

मराठीत सूर्याजी पिसाळ म्हणावे, तसे बंगालीत 'मीर जाफर' हे देशद्रोह्याचे सामान्यनाम झाले आहे. मुर्शिदाबादेत त्याच्या वाड्याच्या दरवाजाला लोक 'नमकहराम देवडी' म्हणतात. ही शिवी नीट ऐकण्याजोगी आहे. मीठ हे धन्याचे असते. त्यात देश कोठेच येत नाही. ज्या देशाच्या वतीने आज त्याला दोषी धरले जाते, त्याची कल्पनाही त्या दरबारात कोणाला शिवली नव्हती. बरे, मिठाचाच न्याय लावायचा, तर सिराजचा आजोबा अलिवर्दी खान त्यातून कसा सुटतो? ज्या शुजाउद्दीनच्या कृपेने तो वाढला, त्याच्याच मुलाला, सर्फराज खानाला, १७४० मध्ये गिरियाच्या लढाईत मारून त्याने गादी घेतली. गिरियाही भागीरथीकाठचेच. अलिवर्दीचे नाव मात्र शिवी झाले नाही. तो जिंकला आणि त्याचे राज्य टिकले.

यावरून मीर जाफर निर्दोष ठरत नाही. त्याचा अपराध मिठाच्या हिशेबात मावत नाही, इतकेच. गादीच्या मोबदल्यात त्याने कंपनीला एक कोट रुपयांची नुकसानभरपाई आणि कलकत्त्याच्या दक्षिणेकडील मुलखाची जमीनदारी कबूल केली. शपथ मोडली ती त्याची स्वतःची होती. हा पैसा त्याचा नव्हता. तो रयतेच्या साऱ्यातून यायचा होता, आणि रयतेला कोणी विचारले नव्हते. तिला विचारण्याची रीत सिराजच्या दरबारात नव्हती, तशी १७४२ पासून जवळजवळ दशकभर त्याच प्रांतात चौथाईसाठी घोडी नाचविणाऱ्या नागपूरकर भोसल्यांकडेही नव्हती. बंगाली अंगाईत आजही 'बर्गी' येतात. मीर जाफरला नावे ठेवताना मराठी वाचकाने ते विसरू नये.

१७६५ मध्ये दिवाणी कंपनीकडे गेली. १७७० च्या दुष्काळात बंगालची किमान एक तृतीयांश वस्ती नाहीशी झाली, असा वॉरन हेस्टिंग्जचा अंदाज होता. त्यानेच कळविल्याप्रमाणे १७७१ ची महसूलवसुली १७६८ च्या वसुलीहूनही अधिक भरली.