ठिणगी कुणाची?

फाल्गुन लागला की पडेगावहून दौलताबाद-खुलताबादकडे जाताना दिसणारे डोंगर तापू लागतात. पावसाळ्यात वाढलेले कुसळीचे गवत वाळून खडखडीत झालेले असते. मग एखाद्या रात्री उतारावर आगीची वेडीवाकडी रेघ सरकताना दिसते आणि सकाळी काळी राख उरते. ‘वणवा लागला,’ असे आपण सहज म्हणतो. पण वणवा लागतो, की लावला जातो?

आपल्याकडील बहुतेक वणव्यांचे मूळ माणसाच्या हातात असते. कुणी न विझवता विडी फेकतो, कुणी बांधावर पालापाचोळा पेटवतो, तर कुणी गवत जाळल्यावर जोमाने फुटते या जुन्या समजुतीने काडी ओढतो. राखेतून हिरवे कोंब लवकर दिसतात, हे खरे. परंतु त्याच आगीत कोवळी रोपे, बिया आणि टिटवीची अंडी जळतात. उघडी पडलेली माती पहिल्या पावसात वाहून जाते.

पापाचे गांभीर्य तीन गोष्टींवरून ठरते, असे आपण धर्मशिक्षणात शिकलो: बाब किती गंभीर, कर्त्याला तिची किती जाण आणि त्याची किती संमती. वणव्याला हीच कसोटी लावून पाहू. २०२४ हे तोवरच्या नोंदींतील सर्वांत उष्ण वर्ष ठरले. तापलेल्या हवेत गवत अधिक वाळते, आग अधिक दूर धावते. आजोबांच्या काळी किरकोळ वाटलेले कृत्य आज गंभीर झाले आहे. जाणही वाढली आहे. उपग्रहांनी टिपलेल्या आगीची सूचना भारतीय वन सर्वेक्षण वनविभागाला पाठवते. १९२७च्या भारतीय वन अधिनियमानुसार राखीव वनात आग लावणे गुन्हा आहे.

पण ज्या गुराख्याची जनावरे त्या गवतावरच जगतात, त्याच्या संमतीत गरजेचा वाटा किती? त्याचा दोष हलका होतो. मात्र तो नाहीसा होत नाही, जाणत्यांकडे सरकतो. मिस्साबलिदानाच्या आरंभी आपण केलेल्या पापांबरोबर न केलेल्या कर्तव्यांचीही कबुली देतो, ती याचसाठी.

वनविभाग उन्हाळ्यापूर्वी जाळरेषा काढतो. एक पट्टा मोकळा करून तेथील गवत देखरेखीखाली जाळतात, म्हणजे पुढे आलेली आग तेथे अडते. तीच आग, पण हात सावध! गवत वेळीच कापून नेले, तर गुराख्याला चारा मिळतो आणि वणव्याला काही उरत नाही.

पृथ्वी हे सर्वांचे सामाईक घर आहे, असे दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात सांगितले. राखेच्या बुधवारी आपण कपाळावर राख घेतो, त्याच सुमारास डोंगरावर राखेचा हंगाम सुरू होतो. त्या चाळीस दिवसांतील एक शनिवार, वनविभागाची परवानगी घेऊन, विळा हाती धरून धर्मग्रामाने डोंगराला दिला, तर तेही प्रायश्चित्तच ठरेल.