गुणी कोण, हें ठरवावें कोणीं?

काळ्या जमिनींत पेरलेलें बीं आणि मुरमाड रानांत पेरलेलें बीं सारखें येत नाहीं, हें आपल्या बुलढाणा जिल्ह्यांतील शेतकऱ्यास सांगावयास नको. दानाचा पैसा हेंही बींच होय. तें कोठें पेरावें, हा धर्मादाय संस्थांपुढील मोठा नैतिक प्रश्न आहे.

जमशेटजी टाटा यांनीं १८९२ सालीं उच्च शिक्षणार्थ परदेशीं जाणाऱ्या तरुणांकरितां निधि स्थापिला. त्यांतून मिळे तें कर्ज होतें. एकानें फेडलेल्या पैशांतून पुढच्याची सोय व्हावी, अशी ती योजना. दुबळ्यांस टेकू देण्यापेक्षां गुणवंतांस वर आणिल्यानें देशाचें अधिक हित होतें, असें त्यांचें मत होतें. दानाचा पैसा वायां जाऊं नये असें ज्यास वाटतें, त्यास हें मत सहज टाकून देतां यावयाचें नाहीं.

परंतु गुणवंत कोण, हें कळावें कसें? भीमराव आंबेडकर १९१३ सालीं सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेस गेले. त्याआधीं मुंबईस कॉलेजांत असतांच त्यांस महाराजांचें साहाय्य मिळालें होतें, तें कृष्णराव केळुसकर या शिक्षकांनीं त्यांची योग्यता ओळखून शब्द टाकिला म्हणून. पाहणारा डोळा नसता, तर राजाची थैली त्यांच्यापर्यंत पोहोंचती ना. जेथें शाळा वा वसतिगृह नाहीं, तेथें गुण असूनही दिसत नाहीं. नांगर न घालतांच रान पडीक ठरविणें हा न्याय नव्हे.

हें ओळखून भाऊराव पाटील यांनीं १९१९ सालीं रयत शिक्षण संस्था आणि पंजाबराव देशमुख यांनीं १९३२ सालीं अमरावतीस श्री शिवाजी शिक्षण संस्था स्थापून विद्या खेड्यांकडे नेली. भाविकांच्या दानावर चालणाऱ्या शेगांवच्या गजानन महाराज संस्थाननें १९८३ सालीं इंजिनिअरिंग कॉलेज काढिलें. तथापि जळगांव जामोद वा संग्रामपूर तालुक्यांतील सातपुड्याच्या पायथ्याची आदिवासी मुलगी प्राथमिक शाळेंतूनच गळाली, तर त्या कॉलेजाचें दार तिच्यासाठीं उघडें असून नसल्यासारखेंच.

म्हणून आम्हांस असें वाटतें कीं, निवड करण्याचा अधिकार संस्थेस खराच आहे. पण सर्वांस पाहिल्यावांचून केलेली निवड ही निवड नव्हे. अर्जाची वाट पाहत बसणारा निधि ज्यास अर्ज लिहितां येतो त्यासच मिळतो. प्रिय वाचकहो, येथें आपलें कर्तव्य आहे. गांवचे शिक्षक, उपदेशक व वडील मंडळी यांस कोणतें मूल कंदिलाशीं बसून वाचतें आणि कोणतें गुरांमागें गेल्यानें शाळेस मुकतें, हें ठाऊक असतें. तें नांव संस्थेच्या दारापर्यंत त्यांनींच नेलें पाहिजे.