स्थैर्याचे अनुमान आणि त्याची उपाधी

उत्पादकाने नेमून दिलेल्या वेगापेक्षा अधिक वेगाने प्रोसेसर चालवणे, म्हणजेच ओव्हरक्लॉकिंग, हा घरगुती संगणकाच्या हौशी वापरकर्त्यांचा विषय मानला जातो. परंतु या वेगाची मर्यादा शोधताना ज्ञानमीमांसेतील एक जुना प्रश्न अटळपणे समोर येतो. जे आजवर चुकले नाही ते यापुढेही चुकणार नाही, असे म्हणण्याचा अधिकार कशाच्या बळावर मिळतो?

प्रोसेसरमधील क्रिया क्लॉक नावाच्या नियमित विद्युत्-स्पंदनाच्या तालावर चालतात. 5 गिगाहर्ट्झ वेगाला दोन स्पंदनांमध्ये अवघे 200 पिकोसेकंद मिळतात, आणि तेवढ्या अवधीत सर्वांत लांबच्या मार्गाने जाणारा संकेतही मुक्कामी पोचावा लागतो. तो न पोचल्यास चुकीची किंमत नोंदली जाते. व्होल्टेज वाढवल्यास ट्रान्झिस्टर अधिक जलद काम करतात, परंतु खर्च होणारी शक्ती वेगाच्या आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे, दोन्ही दहा टक्क्यांनी वाढवली तर उष्णतेत सुमारे 33 टक्के भर पडते. उत्पादकाने छापलेला वेग हा मात्र अंतिम सीमा नसतो. 1998 साली आलेल्या इंटेलच्या सेलेरॉन 300ए या 300 मेगाहर्ट्झच्या प्रोसेसरचे अनेक नग, बसचा, म्हणजे घटकांना जोडणाऱ्या मार्गाचा, वेग 66 वरून 100 मेगाहर्ट्झवर नेताच, 450 मेगाहर्ट्झवर सुरळीत चालत असत.

खरी सीमा कोठे आहे हे ठरवण्यासाठी प्राइम95सारखी प्रणाली तासन्‌तास चालवली जाते. ती प्रचंड संख्यांची गणिते करून आलेले उत्तर आधीच ज्ञात असलेल्या उत्तराशी ताडून पाहते. एक चूक निघाली की अस्थैर्य सिद्ध होते, परंतु कितीही तास चूक निघाली नाही तरी स्थैर्य सिद्ध होत नाही. कार्ल पॉपर यांनी 1934 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात वैज्ञानिक सिद्धान्तांविषयी नेमकी हीच विषमता मांडली होती. त्याच्या कितीतरी आधी चार्वाकांनी अनुमानावर आक्षेप घेतला होता, तो असा की व्याप्ती, म्हणजे हेतू (खूण) आणि साध्य (तिच्यावरून सिद्ध करायची गोष्ट) यांचे अव्यभिचारी साहचर्य, भूत, भविष्य आणि वर्तमानातील सर्व उदाहरणांत कोणीही पाहिलेले नसते.

नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या विचारवंतांनी, या आक्षेपाला उत्तर देताना उपाधीची, म्हणजे साहचर्यामागे दडलेल्या अटीची, संकल्पना मांडली. जेथे अग्नी तेथे धूर हे विधान टिकत नाही, कारण धूर निघण्यासाठी इंधन ओले असावे लागते. संगणकाच्या बाबतीतही, थंडीत रात्रभर न अडखळलेले यंत्र मे महिन्याच्या दुपारी बंद पडते तेव्हा खोलीचे तापमान ही नजरेआड राहिलेली उपाधी उघड होते. पूर्ण भाराखाली टिकणारे यंत्र कधी कधी निवांत असताना कोसळते, कारण वेग आणि व्होल्टेज खाली-वर होण्याच्या त्या क्षणांची परीक्षा अखंड भाराच्या चाचणीत झालेलीच नसते. दोष शोधण्याची पद्धतही अन्वय-व्यतिरेकाचीच, म्हणजे एक गोष्ट असताना आणि नसताना काय घडते ते पाहण्याचीच, आहे: स्मृतीचा, म्हणजे रॅमचा, वेग मूळ पदावर आणायचा, बाकी काहीही हलवायचे नाही, आणि चूक टिकते की नाहीशी होते ते पाहायचे. एकाच वेळी दोन गोष्टी बदलणाऱ्याच्या हाती कदाचित चालते यंत्र येते, कारण मात्र येत नाही.

तरीही संशयाला अंत हवा. नैयायिक उदयनाचार्यांनी न्यायकुसुमाञ्जली या ग्रंथात दिलेले उत्तर असे की, संशय घेणाऱ्याच्या स्वतःच्या व्यवहाराशी विरोध येईपर्यंतच संशय ताणता येतो. भूक भागवण्यासाठी जेवणाऱ्याला जेवणाने भूक भागेल की नाही अशी शंका घेता येत नाही. हा निकष येथे कठोरपणे लावला पाहिजे. खेळात एखादे चित्र बिघडले तर हानी क्षुल्लक असते, परंतु हिशेब, संशोधनाची गणिते किंवा कुटुंबाची छायाचित्रे साठवणाऱ्या यंत्रात एखादा बिट मुकाट्याने उलटला, तर यंत्र बंद न पडताही असत्य सत्य म्हणून जतन होते आणि त्याच्या प्रतीही निघत राहतात. म्हणून पुरेशी चाचणी किती, हे केवळ तासांवरून ठरत नाही. चुकीची किंमत किती आणि ती कोणाला मोजावी लागणार, यावरून ते ठरते. शिवाय उष्णता आणि व्होल्टेज यांनी प्रोसेसर हळूहळू झिजत असल्यामुळे आजचा निष्कर्ष काही वर्षांनी पुन्हा तपासावा लागतो. ‘हे यंत्र स्थिर आहे’ हे विधान तापमान, भार आणि काळ या अटींसह उच्चारले तरच ते ज्ञान ठरते. अटी गाळून उच्चारले तर ती केवळ इच्छा असते.